पन्नाशीतल्या काकांना मोटरसायकल शिकवायचीय, गाव कोकणात: आधी थांबायला शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, काका ५१ वर्षांचे, सगळी नोकरी मुंबईत लोकलने जाऊन येऊन केली, आता व्हीआरएस घेऊन काकूंसोबत राजापूर तालुक्यात गावच्या घरी राहायला गेलेत, वाडीवर एसटी दिवसातून दोनदा येते, रिक्षावाला म्हणेल तो भाव, म्हणून मोटरसायकल शिकायची म्हणतात. लहानपणी गावात सायकल चालवलीय पण गियरची गाडी कधी हातात घेतली नाही. त्यांच्या मनात बुलेट आहे, काकूंना भीती वाटते, आणि तुम्ही विचारताय की हे वय आहे का, गाडी कुठली घ्यावी आणि मीच शिकवलं तर चालेल का. मी रत्नागिरीकडे गाड्या शिकवायचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि मुंबई सोडून गावी आलेली अशी माणसं माझ्याकडे नेहमी येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वयाचं आधी सांगतो. शिकता येतं, नक्की येतं. सायकल येते म्हणजे तोल आहे, तोल शरीर विसरत नाही. (सायकलही येत नसती तर आधी सायकल शिका म्हटलं असतं, पेडल काढून सीट खाली करून पाय टेकत ढकलत.) पन्नाशीच्या माणसाचा एक फायदा असा की तो सांगितलेलं ऐकतो, उगाच गाडी पळवत नाही, समोरून बैल आला तर आपोआप हळू होतो. तोटा असा की पडलं तर हाड जुळायला वेळ लागतो आणि मनात भीती बसली की ती लवकर निघत नाही, अठरा वर्षांचा पोरगा पडून उठून परत किक मारतो पण पन्नाशीचा माणूस एकदा जोरात पडला की गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवतो, पुढे ती तशीच गंजते. म्हणून यांना शिकवायची पद्धतच वेगळी लागते. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर काकांना आधी गाडी थांबवायला शिकवा, चालवायला नंतर. आपल्याकडे बरोब्बर उलटं करतात, पहिल्याच दिवशी क्लच सोड, रेस दे, चल पुढे, आणि गाडी निघाली की मागून सगळे ओरडतात ब्रेक ब्रेक! कोकणात तर गाडी पुढे न्यायला काही शिकावंच लागत नाही, उतारच नेतो. थांबवणं मात्र शिकावं लागतं.

गाडीचं बघा. बुलेट आत्ता नको. राग मानू नका, गाडी चांगली आहे, पण बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलोच्या आसपास आहे आणि स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी ११२ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ८० किलोचा फरक, तो नवशिक्या माणसाच्या एका पायावर येतो. सपाटीला चालून जाईल हो, पण तुमच्या घराकडून डांबरी रस्त्यावर यायची जी वाट असेल तिथे जांभ्याचे दगड, चढ, आणि वर आल्यावर एकदम नव्वद अंशाचं वळण, हे मी न बघता सांगू शकतो कारण राजापूर, लांजा, संगमेश्वर सगळीकडे तसंच आहे. तिथे गाडी अर्ध्यात बंद पडली आणि मागे सरकायला लागली की १९५ किलो नाही धरता येत. शंभर-एकशेदहा सीसीची साधी गाडी घ्या, सेल्फ स्टार्ट असलेली, कारण चढावर गाडी बंद पडली की दोन्ही पाय कामात असतात, किक मारायला मोकळा पाय नसतो. सीट उंची ७८५ मिलीमीटरच्या जवळपास असते, काका साडेपाच फुटाच्या आसपास असतील तर दोन्ही पाय टेकतात. पुढे लेगगार्ड बसवून घ्या, हळू पडताना पाय गाडीखाली चेपत नाही.

स्कूटर का नको, असंही कोणी म्हणेल. सपाट गावात मी स्कूटरच सांगितली असती. पण आपल्याकडच्या उतारांना गियरची गाडी इंजिनाने धरून राहते, स्कूटर तेवढी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ड्रम ब्रेक तापला की दाबूनही लागत नाही. त्यामुळे काकांचा गियरच्या गाडीचा हट्ट बरोबर आहे. सेकंडहँड घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कंबाइन्ड ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही तो) सक्तीचा झाला, कंबाइन्ड म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, नवशिक्याला याचा खरंच उपयोग होतो, म्हणून शक्यतो २०१९ नंतरची बघा. आणि कोणाच्या घरात वडिलांच्या वेळची जुनी बुलेट उभी असेल तर तिच्यावर अजिबात शिकू नका, तिचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, एकदा पायाला तशी सवय लागली की दुसऱ्या गाडीवर ऐनवेळी चुकीचा पाय दाबला जातो. गियरचा पॅटर्नही तसाच, काही गाड्यांत न्यूट्रलपासून सगळे गियर एकाच दिशेला पडतात, काहींत एक खाली आणि बाकीचे वर, म्हणून जी गाडी चालवायची तिच्यावरच शिकायचं, शेजाऱ्याची आणून नाही.

आता शिकवायचं कसं. जागा म्हणजे सडा, गावाच्या वरचं कातळाचं सपाट माळरान. तुमच्या गावाला वर सडा असेलच, सड्यावर जाणारा डांबरी रस्ता बघा, सकाळी सात-साडेसातला तिथे कुत्रं पण नसतं (चिरेखाणीचे ट्रक कुठल्या वेळेला असतात तेवढं विचारून घ्या). खुद्द कातळावर नको, वर बारीक खडे असतात, चाक गोट्यांवरून गेल्यासारखं सरकतं.

पहिला दिवस इंजिन चालूच करायचं नाही. हे सांगितलं की सगळे नाराज होतात पण ऐका. रस्ता जिथे जरासा उतरतोय, सायकल आपोआप हळूहळू जाईल एवढाच, तिथे गाडी न्यूट्रलला, चावी बंद, काका सीटवर, दोन्ही पाय जमिनीला लागून. ब्रेक सोडायचा, गाडी आपोआप सरकते, डावा पाय लोंबता ठेवायचा, उजवा ब्रेकवर न्यायचा, आणि दहा-बारा फुटांवर दोन्ही ब्रेक हळू दाबून थांबायचं. मग परत वर ढकलत आणायची, ढकलण्यात तुम्ही मदत करा. असं चार-पाच वेळा झालं की उजव्या हाताची दोन बोटं आणि उजवा पाय बरोबर दाबायला लागतात, झटका न देता पिळल्यासारखा ब्रेक लागतो. आवाज नाही, रेस नाही, क्लच नाही, फक्त तोल आणि ब्रेक. दुसऱ्या टप्प्यात सरकताना पाय फुटरेस्टवर घ्यायचे आणि थांबताना फक्त डावा पाय खाली, उजवा ब्रेकवरच. हा डावा पाय फार महत्त्वाचा आहे, का ते चढाच्या वेळी कळेल. नवशिकी माणसं थांबायच्या आधीच दोन्ही पाय खाली सोडतात, पाय घासत जातात, म्हणजे मागचा ब्रेक गेला की. ही सवय इथेच मोडायची, नंतर मोडत नाही.

थांबताना कुठे पाय टेकायचा तेही बघायला लावा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, डांबर संपलं की साइडपट्टी चार-सहा इंच खाली, पावसाने धुवून गेलेली. काका नीट कडेला घेऊन थांबायला जातील आणि डावा पाय खाली सोडतील तर तिथे जमीनच नसेल. उंच माणूसही तिथे पडतो. म्हणून कडेपासून हातभर आत थांबायचं.

मग इंजिन. सपाटीला पहिला गियर, रेस अजिबात नाही, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी जरा दबून पुढे जायला बघते, आवाज थोडा जड होतो, तिथे थांबायचं आणि परत क्लच दाबायचा. गाडी हलली-थांबली, हलली-थांबली. हा जो पॉइंट आहे ना, क्लच पकडतो तो, तो डाव्या हाताला झोपेत सुद्धा सापडला पाहिजे. छोट्या गाड्या सपाटीला नुसत्या क्लचवर, रेस न देता चालायच्या वेगाने जातात, तसं काकांना दोन्ही पाय जमिनीवरून चालवत पन्नास पावलं नेऊ दे. कंटाळा येईल एवढं करा. क्लचची केबल जड असेल तर ऑइल करून, लिव्हरचा प्ले (म्हणजे ढिलेपणा) बघून घ्या, या वयात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं आणि माणूस सांगत नाही, उगाच म्हणतो आज बास. रोज अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको, दमलं की चुका सुरू होतात. रात्री झोप झाली की काल न जमलेलं आज सकाळी जमतं हे मी नेहमी बघतो.

ते जमलं की दुसरा-तिसरा गियर, वळणं, यू टर्न. वळताना नजर जिकडे जायचं तिकडे, पुढच्या चाकाकडे नाही, खड्ड्याकडे बघत राहिलात की गाडी खड्ड्यातच जाते. आठ काढायचा सराव करा, आरटीओत तोच बघतात, अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक जरासा लावून ठेवला की आठ आरामात येतो, पुढचा ब्रेक मात्र हँडल वळलेलं असताना दाबायचा नाही, गाडी तिथल्या तिथे आडवी होते.

आता चढ. इथे कोकणातल्या माणसाची खरी परीक्षा. चढावर गाडी थांबलीय, डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर दाबलेला, म्हणून गाडी मागे येत नाहीये. पहिला गियर. थोडी रेस द्यायची आणि ती तशीच धरायची, क्लच त्या पॉइंटपर्यंत सोडायचा, इंजिनाचा आवाज खाली बसतो, गाडी पुढे जायला बघते, म्हणजे आता गाडी क्लचवर उभी आहे. मग पायाचा ब्रेक सोडायचा. मागे एक इंच सुद्धा येत नाही. ज्याने दोन्ही पाय खाली टाकायची सवय लावून घेतली त्याला गाडी पुढच्या ब्रेकने धरावी लागते, आणि रेस पण त्याच हातात, मग ब्रेक सोडून रेस द्यायच्या गडबडीत गाडी मागे जाते किंवा एकदम उसळते. म्हणून मघाशी डाव्या पायाचं एवढं लावून धरलं. आधी अगदी बारक्या चढावर, मग जरा मोठ्या, आणि घराच्या वाटेवर सगळ्यात शेवटी.

उताराचं याहून जास्त जीव ओतून सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, तेही मुंबईहून गावी आलेले, सपाटीला झकास चालवायचे. पहिल्यांदा देवळाकडच्या उतारावर नेलं, मी खाली वळणावर उभा. वरून सेकंडला छान येत होते, मध्ये एक कोंबडी आडवी गेली आणि त्यांनी घाबरून डावा हात आवळला. क्लच दाबला गेला म्हणजे इंजिन सुटलं, आवाज एकदम हलका झाला आणि गाडी सुटल्यासारखी वेगात खाली. चेहरा मला दिसत होता, त्यांना कळेना ब्रेक दाबूनही गाडी पळते का. मी ओरडलो क्लच सोडा, त्यांनी सोडला, गाडीने गचका दिला आणि दबली, मग ब्रेक लागला. थांबल्यावर त्यांनी स्वतःच डाव्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच केलं नाही, त्याच उतारावर डावी बोटं क्लचवरून काढून हँडलच्या मुठीवर ठेवून यायचं, परत वर जायचं, परत यायचं. काकांना हेच करा. उतारावर डावी बोटं मुठीवर, क्लच फक्त अगदी थांबताना शेवटच्या दोन-तीन फुटांत. ज्या गियरने चढ चढतो त्याच गियरने उतरायचं. आणि आपल्याकडे पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून किंवा गाडी बंद करून सोडायची जी सवय आहे, ती गावातली जुनी माणसंही काकांना शिकवतील, अजिबात ऐकू देऊ नका.

वळणावर हॉर्न, आपली डावी बाजू, आणि समोरून एसटी येताना दिसली की आधीच थांबायचं, वळणावर तिला पूर्ण रस्ता लागतो, ड्रायव्हरची काही चूक नसते. अरुंद चढाच्या रस्त्यावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे. गाडी उतारावर लावताना तोंड चढाकडे आणि पहिल्या गियरमध्ये, तोंड उताराकडे करून लावली तर साइडस्टँड सुटून जाते, शिवाय परत मागे ओढून काढायला दोन माणसं लागतात.

तुम्ही शिकवाल का? शिकवा, पण मागे बसून नाही. तुमचे साठ-सत्तर किलो मागे आले की त्यांना क्लचचा पॉइंट कळत नाही, तोल कळत नाही. मागून सीट धरून पळूही नका. पुढे वीस-पंचवीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला उभे राहा म्हणजे त्यांची नजर आपोआप वर राहते, आणि बोलायचं ते गाडी थांबल्यावर. पुतण्याने काकांना चालत्या गाडीवर सूचना दिल्या की काका दोनच गोष्टी करतात, चिडतात नाहीतर गोंधळतात. तुम्हाला राग येतो असं वाटत असेल तर गावातला एखादा शांत माणूस बघा, घरचा नको. गाडी पडायला लागली तर पायाने अडवायची नाही, सोडून बाजूला व्हायचं हेही आधीच सांगून ठेवा, गाडीचा आरसा तीनशे-चारशेत येतो. पडलेली गाडी उचलताना आधी चावी बंद, मग गाडीकडे पाठ करून, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची ग्रॅबरेल, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर. कमरेतून वाकून उचलली तर आठवडा अंथरुणात जाईल.

तब्येतीचं. चाळिशीचा चष्मा असेलच, तो प्रोग्रेसिव्ह असेल तर खालच्या काचेतून जमीन अंधुक दिसते आणि पाय कुठे टेकतोय कळत नाही, फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा गाडीसाठी वेगळा करून घ्या. शुगरच्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी सरावाला नको. हेल्मेट फुल फेस, आयएसआय मार्कचं, डोक्यात घट्ट बसणारं, पट्टा लावून, आणि "इथल्या इथे तर जायचंय" हे वाक्य घरात कोणी बोलायचं नाही. पायात बूट, चप्पल गियरवरून निसटते.

लायसन्सचं काम लगेच सुरू करा, सराव लर्निंग हातात आल्यावरच, पुढे-मागे लाल एल लावून आणि लायसन्सवाला माणूस सोबत. चाळिशीच्या पुढे डॉक्टरचं फॉर्म १-ए सर्टिफिकेट लागतं. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, पण काकांनी तीस दिवसांची घाई करायची गरज नाही. अर्जात "विथ गियर" हाच प्रकार टाका, विदाउट गियर काढलंत तर परत सगळं करावं लागेल. ५० ते ५५ मध्ये काढलेलं लायसन्स वयाच्या साठीपर्यंत चालतं. आणि लर्निंगवर काकूंना मागे बसवायचं नाही, शिकवणाऱ्याशिवाय कोणालाच बसवता येत नाही, कायद्यानेच.

वेळ बघून सुरू करा. दसरा-दिवाळीनंतर रस्ता सुकतो, तेव्हा सुरू केलं तर मे पर्यंत हात बसतो. जूनमध्ये शिकायला घेऊ नका. पहिल्या पावसात सड्यावरची लाल माती वाहून डांबरावर येते, झाडीखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, ओला पाला पडतो, तिथे मुरलेले लोकही पडतात. पहिला पावसाळा काकांनी फक्त दिवसाउजेडी आणि फक्त बाजारापर्यंत काढावा. मुंबई-गोवा हायवेवर पहिलं वर्षभर शक्यतो नकोच, आणि गणपती-शिमग्याच्या गर्दीत तर अजिबात नको.

काकूंची भीती रास्त आहे, ती उडवून लावू नका. त्यांना एकदा सड्यावर न्या आणि काका चढावर गाडी थांबवून परत कशी काढतात ते बघू दे, नुसतं सांगून जी भीती जात नाही ती असं बघून बरीच कमी होते. पक्कं लायसन्स आल्यावरही महिना-दोन महिने एकट्यानेच चालवायचं. मग काकूंना पहिल्यांदा बसवाल तेव्हा घराच्या दारातून नको, त्यांनी वरच्या सपाट रस्त्यापर्यंत चालत यावं आणि तिथे बसावं, मागच्या टायरमध्ये दोघांच्या मानाने हवा भरलेली असावी (किती ते चेनकव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं), पदर किंवा ओढणी खोचलेली, साडीगार्ड काढून टाकलेलं नसावं, आणि काका दोन्ही पाय टेकवून "बसा" म्हणेपर्यंत त्यांनी फुटरेस्टवर पाय ठेवायचा नाही. दोघांचं वजन आल्यावर ब्रेक उशिरा लागतो आणि क्लचही थोडा वेगळा पकडतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस दोघांनी सड्यावरच फिरायचं, घराच्या चढाला काकूंनी उतरून चालत जायचं. गाडी घ्यायला जाल तेव्हा दोन-तीन मॉडेलवर काकांना बसवून त्यांचा डावा पाय कसा टेकतो त्याचा फोटो टाका, कुठली घ्यावी ते मी सांगतो.